एका पेल्यात एक

घरच्या टाकीत ॲक्सोलॉटल, म्हणजे जन्मभर पाण्यातच राहणारे ते पालीसारखे चार पायांचे प्राणी, किती ठेवायचे, याचं उत्तर दुकानदाराने एका शब्दात दिलं होतं: एक. फारच हौस असेल तर दोन, पण मग टाकी मोठी हवी आणि दोघं सारख्या मापाचे हवेत, नाहीतर मोठा धाकट्याचा पाय तोडतो. सिस्टरच्या नवऱ्याने हे सगळं मान डोलावून ऐकलं, एक मध्यम टाकी घेतली आणि दोन आणले. एकटं जनावर बघवत नाही, असं त्याचं म्हणणं. दोन्ही नरच आहेत, असंही त्याचं म्हणणं होतं. वर्षभराने टाकीतल्या पानापानावर अंडी चिकटलेली दिसली, तेव्हा त्याने ते मागे घेतलं. हा माणूस चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, हे सांगितलं तर लोकांना हसू येतं.

सिस्टरला सगळेच सिस्टर म्हणत, घरी नवराही. बायकोला सिस्टर म्हणणारा जगातला एकमेव नवरा, हा त्याचा वीस वर्षांचा विनोद होता आणि ती अजूनही त्यावर हसायची. गेला महिनाभर मात्र हसली नव्हती.

रुग्णालयाच्या नवजात विभागात तिची सतरा वर्षं गेली होती. दिवस भरायच्या आत जन्मलेली, ओंजळीत मावतील एवढी बाळं तिथे काचेच्या पेटीत ठेवत. पेट्या बारा. भिंतीवर ठळक अक्षरांत नियम: एका पेटीत एकच बाळ. आणि बाळं कधी पंधरा, कधी अठरा. नियम लिहिणारे साहेब त्या खोलीत दुपारची पाळी करायला कधी फिरकले नव्हते. मग मेट्रन यायच्या, त्या पाटीकडे पाठ करून म्हणायच्या, "ॲडजस्ट करा गं," आणि सगळ्याजणी करायच्या. महिन्यापूर्वी बाळं एकोणीस झाली. सिस्टरने एका पेटीत दुसरं बाळ ठेवलं, तासाभरात जागा होईल म्हणून. जागा झाली नाही. आधीच्या बाळाला जंतुसंसर्ग होता, तो दुसऱ्या दिवशी कळला. ते वाचलं. नंतर ठेवलेलं तिसऱ्या दिवशी गेलं.

चौकशी लागली आणि सिस्टर घरी बसली. नोकरी टिकते की जाते, हे सुनावणीवर होतं. मेट्रनचा फोन आला. "माझ्या निर्णयाने ठेवलं, एवढंच लिहून दे. बाहेरच्या ओपीडीत बदली होईल, प्रकरण मिटेल. पेट्यांचं मात्र काढू नकोस." बरोबरीच्या नर्सेस उलट सांगत होत्या. वरून तोंडी हुकूम होता, असं ठासून सांग, आपला काय दोष? सिस्टरला हे दुसरं पटलं. हुकमाची ताबेदार, असं ती स्वतःलाच दिवसातून चारदा ऐकवत राहिली.

अंडी त्याच आठवड्यातली. ती गोठवून टाका, असं दुकानदार म्हणाला. नवऱ्याने ती ताटलीत काढली आणि फ्रीजरचं दार उघडलं. सिस्टरने ताटली त्याच्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या."

"सिस्टर, साठ-सत्तर आहेत ही. कुठे ठेवणार आहेस?"

"राहू द्या म्हटलं ना."

पिल्लं निघाली. केसाएवढी, दोन्ही गालांवर झालरीसारखे कल्ले. पुढचे पाय फुटले की ही पिल्लं हलेल त्याला चावतात, मग समोर भाऊ असो की बहीण. म्हणून एका पेल्यात एक. त्रेसष्ट पिल्लांना पेले, कप, वाट्या, रिकाम्या बरण्या, दाढीचा मगसुद्धा लागला. नवरा डब्याच्या झाकणातून चहा पिऊ लागला. लेक नोकरीसाठी बाहेर गेल्यापासून रिकामी पडलेली तिची खोली भरून गेली. प्रत्येक पेल्यावर चिकटपट्टी, पट्टीवर आकडा. रोज सगळ्यांचं पाणी बदलायला चार तास लागायचे आणि उठताना सिस्टरची कंबर धरलेली असायची.

"निसर्गात यांना पेले कोण देतं गं?" नवरा म्हणायचा. "एका टबात सोड. जगायचे ते जगतील."

"एका पेल्यात एक," ती म्हणायची. तो आंघोळीला निघाला तरी म्हणायची, जेवायला बसला तरी म्हणायची.

गुरुवारी सुनावणी झाली. टेबलामागे चौकशी समितीचे तिघं. सिस्टरने पाठ केल्यासारखं सांगितलं, की तोंडी हुकूम होता, सहा वर्षं होता. मधल्या गृहस्थांनी विचारलं, "भिंतीवरचा नियम तुम्हाला वाचता येत होता ना?" येत होता, ती म्हणाली. सोमवारी लेखी आणा, असं सांगून त्यांनी तिला सोडलं.

दुपारी ती घरी आली तेव्हा ओट्यावर पेले पालथे मांडलेले होते, लखलखीत. तिला आधी काही कळलंच नाही. मग ती धावत खोलीत गेली.

नवऱ्याने तिच्यासाठी रजा काढली होती. आज तरी तिला चार तास खाली बसावं लागू नये म्हणून त्याने सगळी पिल्लं कपड्यांच्या टबात ओतली, पेले घासले, वाळत घातले आणि पाच मिनिटं भिंतीला टेकला. तिच्या पावलांनी जागा झाला. टबात जी हलत होती त्यातल्या कित्येकांना पाय नव्हते. काही तळाशी नुसतीच पडली होती. एकाच्या तोंडातून दुसऱ्याचं शेपूट बाहेर आलं होतं.

"रोज सांगत होते मी!" ती ओरडली. "रोज! तुमच्या कानात काय बोळे घातलेत?"

"सांगत होतीस." तो भिंत धरून उठला. "मला वाटलं, तेवढ्यात काय होणार."

त्याच्या एक ठेवून द्यावी असं तिला वाटलं, अगदी हात शिवशिवला. पण तो हात वर झाला नाही. या माणसाला कुणी हुकूम दिला नव्हता. नियम त्याला तोंडपाठ होता. तो दमलेला होता आणि त्याला तिची दया आली होती, बस्स. आणि त्याने आत्ता उच्चारलेलं वाक्य त्या दुपारी दुसरं बाळ पेटीत ठेवताना तिच्याही मनात आलं होतं, शब्दन्‌शब्द. समितीपुढे ते तिने गिळलं होतं.

दोघं चमचे घेऊन बसली. जिवंत एकेचाळीस निघाली. ती एकेका पेल्यात गेली.

"पाय परत येतात ना गं यांचे?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं. "दुकानदार म्हणाला होता, महिन्या-दोन महिन्यांत नवे येतात."

"यांचे येतात," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

सोमवारी तिने लिहून नेलं: पेट्या बारा होत्या, बाळं एकोणीस होती. ॲडजस्ट करा, असं मेट्रन सांगत, आणि आम्ही करत असू. त्या दोघांना एकत्र मी ठेवलं. नियम मला माहीत होता. मी दमले होते आणि मला वाटलं, तेवढ्यात काही होणार नाही.

मेट्रननी कागद बाहेरच वाचला. "हे दिलंस तर मी जाईन, आणि माझ्याआधी तू. कळतंय ना तुला?"

"कळतंय, मॅडम."

बरोबरीच्या दोघी जिन्यात भेटल्या. त्यांनी कागदावर नजर टाकली आणि वर निघून गेल्या. आता तिच्या बाजूने कुणीच नव्हतं.

आत कारकुनाने कागदासोबत जोडायचा छापील फॉर्म पुढे केला. तिने तो भरला. एक जागा कोरी राहिली होती, त्यावर त्याने पेनाने टकटक केलं.

"मृताचं नाव राहिलं, बाई."

"नाव ठेवलं नव्हतं अजून," सिस्टर म्हणाली. "मुलगा होता. एक किलो तीनशे ऐंशी."

"वजन नकोय. नाव लागतं."

कारकुनाने तिथे एक आडवी रेघ मारली, शिक्का उठवला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.