हौदात हात घाला, मुकादम

मित्रांनो, भुशीच्या वाटेवर करवंदीच्या जाळीत पडलेले दगडी चाक म्हणजे मी. माझ्यावर बसून लोक पानाला चुना लावतात आणि बोट माझ्याच अंगाला पुसतात. पुसा. चुन्याशी माझे जुने वैर आहे.

लोहगडाखालच्या काळ्या दगडातून मला घडवले. लोणावळ्यात बंगले उठत होते, तेव्हा वाहिदभाईंचे बैल मला चुन्याच्या घाणीच्या गोल चरात फिरवायचे आणि मी चुना-वाळू दळायचो. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी पडले की तो फुसफुसतो, उकळतो, विझू लागतो. आठ-दहा दिवस हौदात मुरला की लोण्यासारखा होतो आणि भिंतीवर वारा खाऊन पुन्हा दगड बनतो. घाई केली, तर कच्चे खडे भिंतीतच फुगतात आणि गिलावा फोडतात.

चुना बयाबाई विझवायची. तिच्या बोटांची कातडी त्याने केव्हाच खाल्ली होती. गिलावा तिचा नवरा मारुती गवंडी करायचा. १९२३ साली एका बंगल्याचा गिलावा फुटला, तेव्हा मुकादम रखमाजीने सारे खापर मारुतीवर फोडले. आता पुन्हा फुटला असता, तर मारुतीच्या हाती कोणी थापी दिली नसती.

१९२४ साली एका बंगल्याच्या पाण्याच्या टाकीचे काम निघाले. चुना हौदात पडून चौथ्याच दिवशी रखमाजी ओरडला, "चुना घाणीत टाका!"

"अजून आठवडा पायजे," बयाबाई म्हणाली.

"तू मला शिकवतीस? विझलाय तो."

"विझलाय न्हवं? मग घाला हौदात हात."

सगळे थांबले. हौदावर वाफ होती. रखमाजीने हात धोतराला पुसला, पण पुढे केला नाही.

"बाईच्या तोंडी कोण लागतो? वाहिद, हाक बैल!"

वाहिदभाईंनी बैलांचे जू उतरवले. "मुकादम, तुमच्या हाताला पोळतं, ते मारुतीच्या भिंतीला न्हाई व्हय पोळणार?"

शिव्या घालत रखमाजीने तिघांना हाकलले आणि दुसरी माणसे, दुसरे बैल आणले. मी दळले. मला कोण विचारतो? दिवाळीच्या आत टाकीला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. मालकाने रखमाजीला काढले, मारुतीला बोलावले.

बयाबाईने दहा दिवस हौदाला कोणाला हात लावू दिला नाही. अकराव्या दिवशी हाताला गोडेतेल चोळून तिने तो कोपरापर्यंत आत घातला, तळ चाचपला आणि म्हणाली, "जुंपा बैल."

त्या टाकीत आजही पाणी ठरते. मित्रांनो, तुम्ही चुन्यात हात घालू नका. पण तुमची भिंत घाईने उरकू पाहणारा कोणी भेटला, तर आधी त्याला हौदात हात घालायला सांगा.