मगरीचा साक्षीदार

चांदभाईंच्या दापोडीतल्या गॅरेजात एक मगर राहत होती. लाल, लांबुडकी, जमिनीला पोट घासत चालणारी आणि एका वेळी एकाच माणसाला पोटात घेणारी. मोटार म्हणून तिच्यात उणिवा पुष्कळ होत्या. छप्पर नाही, दार नाही, डिकी नाही आणि बायकोला कुठं बसवायचं याची काही सोय नाही. "पन्नास वर्षं हिच्या अंगावरची धूळ मी पुसली, पण एकदाही 'बस' म्हणाले नाहीत," असं परवीनभाभी आल्यागेल्याला सांगत.

मगर ही शर्यतीची गाडी. चांदभाईंच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, ती इथंच पत्रे ठोकून घडवली, आणि ठोकणाऱ्यांत ऐन विशीतले चांदभाई होते. परदेशात तेव्हा इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवायची टूम निघून रुळलीसुद्धा होती. आपल्याकडे मात्र इंजिन म्हणजे घरातला कर्ता पुरुष, ते पुढंच असायचं. शेठनी ते मागं टाकलं. लोक हसले. मद्रासकडे विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरत, तिथं मगर तीनदा पळाली. दोनदा मधेच बसली आणि तिसऱ्या वेळी शेवटून दुसरी आली. शेवटच्या गाडीला चांदभाई आजही नावं ठेवतात. पण पुढच्या काही वर्षांत हसणाऱ्यांनीही एकेक करून इंजिनं मागं नेली. शर्यत हरून वाद जिंकणारी गाडी विरळाच.

आता गॅरेजच्या जागी इमारत उठणार होती. महिनाअखेरीला गाळा रिकामा करायचा होता. भंगारवाला दोनदा येऊन मगरीच्या पाठीवर टिचक्या मारून गेला होता, आणि त्या टिचक्या चांदभाईंना रात्री झोपेत ऐकू येत होत्या.

आशेची जागा एकच होती. चाकणच्या एका कंपनीनं जुन्या गाड्यांसाठी मोठा हॉल बांधला होता. तिथल्या रुपाली मॅडम मगर बघायला आल्या, खाली वाकल्या, आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत.

"काका, गाडी सुंदर आहे," हात पुसत त्या म्हणाल्या. "पण ही घडवली त्या वर्षी इंजिन मागंच होतं, नंतर हलवलेलं नाही, हे सांगणारं कुणी हवं. तेच तर हिचं महत्त्व."

"मी आहे ना."

"तुम्ही घरचे. बाहेरचं कुणी?"

शेठ वारले होते. त्यांचे कागद नदीच्या पुरात सांगवीकडे की आणखी कुठं वाहून गेले होते.

"आहे की एक बाहेरचा," चहा घेऊन आलेल्या परवीनभाभी म्हणाल्या.

"त्याचं नाव नको काढूस."

"का? बैल आठवतात?"

मग सांगणं आलंच. त्या वर्षी शेठना चाकणजवळच्या एका गावानं जत्रेला गाडीसह बोलावलं होतं, शोभेसाठी. तिथं बैलगाड्यांचा घाट, म्हणजे चढावर मऊ माती टाकून केलेली धाव. कुणीतरी म्हणालं, हिलाही पळवा की. शेठ मांडवात फेटा बांधून घेत होते, म्हणून गाडीत बसले चांदभाई. शेजारी चिमाजी पाटलांचे पाखऱ्या आणि लखन. पुकारणाऱ्यानं 'भिर्रर्र' केलं, चांदभाईंनी पाय दाबला, आणि मगरीनं कोंबडीसारखा जागच्या जागी खड्डा उकरला. बैल वर पोचले. पोचले ते पोचले, वळून खाली बघत उभे राहिले. हरल्यापेक्षा ते बघणंच चांदभाईंना जास्त लागलं होतं. त्या गावच्या वाटेला ते पुन्हा गेले नव्हते.

चांदभाईंनी मगरीकडे पाहिलं. मग चपला घातल्या. "चला मॅडम. अब्रू काय, भंगारात तिलाही भाव नाही."

चिमाजी पाटलांच्या जमिनीवर आता कारखाना उभा होता आणि पाटील तीन मजल्यांच्या बंगल्यात, तळमजल्यावर, बैलांच्या फोटोखाली बसले होते. चांदभाईंना बघताच त्यांचा चेहरा खुलला.

"या, या. लई दिवस लावलं, राव."

"पन्नास वर्षं," चांदभाई म्हणाले.

"गाडी कशी होती, आजोबा?" रुपालीनं विचारलं. चांदभाईंनी मान खाली घातली.

"गाडी?" पाटील ताठ झाले. "पोरी, तशी गाडी मुंबईत न्हवती. शंबर घोड्यांची ताकद."

"साठ," चांदभाई पुटपुटले.

"शंबर. साठ घोडी काय, कुनीबी हरवंल. हितं दर जत्रंला सांगतोय मी, हिच्यापुढं इमान फिकं. न्हाईतर आमच्या पाखऱ्या-लखननं काय हातगाडी हरवली व्हय?"

आपली मगर इथं जत्रेतल्या गोष्टींत वर्षानुवर्षं जोर धरत होती, आणि ती पाळली होती चिमाजींनी, हे चांदभाईंच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

"आणि इंजिन कुठं होतं?"

"मागं. त्योच तर घोळ. बैलांनी तोंड हुंगलं, तर गार. त्यांना वाटलं, निजलीया. आन् पळायची बारी आली तशी मागल्या बाजूनं अशी भुकली, का लखन बुजला. तसा त्यो जन्मात कंदी पळाला न्हाई."

पाटलांना आपण काय बोललो ते उमगलं.

"म्हणजे पाटील, तुमचे बैल आमच्या इंजिनावर पळाले?" चांदभाईंनी सावकाश विचारलं.

"च्या घ्या," पाटील म्हणाले.

रुपाली तोवर फोटोपाशी गेली होती. गुलालात न्हालेले बैल, मागं वर्ष लिहिलेली जत्रेची पाटी, आणि कोपऱ्यात मगर. तिचं पाठचं झाकण उघडं, आत इंजिन, आणि त्यात डोकं खुपसून उभा एक तरुण.

"हे कोण? चेहरा दिसत नाही."

"मी," चांदभाई म्हणाले. "चेहरा दिसत नाही ते बरंच आहे."

रुपाली हसली. "मला एवढं पुरे."

गाडीपुढच्या पाटीवरून मात्र वाटाघाटी झाल्या. इंजिन मागं, इथल्या कारागिरांनी घडवलेली, हे रुपालीनं लिहिलं. पाखऱ्या-लखनची नावं हवीतच, हा पाटलांचा हट्ट. बैल बुजले होते हेही लिहा, हा चांदभाईंचा. शेवटी दोन्ही लिहिलं.

महिना संपायच्या आत मगर चाकणला गेली. हॉलच्या दाराशी सिमेंटचा चढ होता. ढकलू का, असं हॉलमधल्या पोरांनी विचारलं, तर चांदभाईंनी नुसतं बघितलं. ते आत उतरले. चढाच्या टोकाला उभ्या पाटलांनी हात वर करून 'भिर्रर्र' केलं आणि मगर भुंकत सरळ वर गेली. पाटलांनी मूठभर गुलाल उधळला. रुपालीनं एकदा पांढऱ्या फरशीकडे पाहिलं.

"बैल तरी पुढंच व्हतं," पाटील म्हणाले.

"बुजले होते."

चांदभाई उतरले. दाराशी परवीनभाभी पदरानं मगरीच्या नाकावरचा गुलाल पुसत होत्या.

"राहू दे ते," चांदभाई म्हणाले. "बस."

भाभी बसल्या. गुडघे कसेबसे आत गेले. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "एवढीशी जागा? हिच्यासाठी पन्नास वर्षं?"

उतरल्या मात्र नाहीत.