दिसणारी पाचर

ऑफिसातून घरी आलं की वहिनी आधी पिशवी ठेवत, मग पाणी पीत आणि मग टेबल पुसत. सहा माणसांचं ते जेवणाचं टेबल प्लॅस्टिकच्या आवरणाखाली थाटात उभं असे. घरातली दोन माणसं, म्हणजे वहिनी आणि त्यांचे यजमान, मांडीवर ताटं घेऊन कोचावर जेवत.

"टेबल कशासाठी आणलं होतं आपण?" यजमानांनी एकदा विचारलं. दिवसभर कागदांवर शिक्के मारून वहिनींचे खांदे भरून आले होते. वाद घालायचंही त्राण नव्हतं.

सारा मजला त्यांना वहिनी म्हणे, म्हणून आपणही तसंच म्हणू. बाई तशी शहाणी, अंथरूण पाहून पाय पसरणारी. टेबल त्यांनी जुन्या सामानाच्या बाजारातून आणलं होतं. वर गरम भांड्यांची काळी वर्तुळं होती आणि एक पाय लटपटत होता. बाजाराच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या सुतारकाकांनी त्यांना पॉलिश पेपर कसा धरायचा, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं कसं घासायचं, ते शिकवलं. चार रविवार वहिनी घासत होत्या. नखांत भुसा गेला, कंबर धरली, पण टेबल असं उजळलं की ओळखू येईना.

एकाच गोष्टीवर दोघांचं जमलं नाही. लटपटत्या पायाच्या सांध्यात काकांना लाकडाची पाचर ठोकायची होती.

"नको काका, ती बाहेरून दिसेल. जुनं आहे हे कुणालाही कळेल."

काकांनी मान हलवली आणि सांध्यात नुसता सरस भरला.

मग शेजारीण आली. "अय्या, नवीन घेतलं?"

वहिनी त्या दिवशी फार दमल्या होत्या. चार रविवारांची हकिकत सांगण्यापेक्षा 'हो' म्हणणं सोपं होतं. त्या 'हो' म्हणाल्या. तो एक 'हो' सांभाळता सांभाळता मात्र त्यांच्या नाकी नऊ आले. कुठल्या शोरूमचं, लाकूड कुठलं, सगळं लक्षात ठेवावं लागे. अंथरूण पाहून पाय पसरले आणि मग तेच पाय लपवत बसायची वेळ आली!

धाकटी नणंद दर गुरुवारी पोरीला घेऊन यायची. वहिनींना बहीण नव्हती. जिवाभावाचं माणूस म्हणजे ही नणंद. एका गुरुवारी पोरीनं दुधाचा गरम पेला टेबलावर टेकवला. शेजारीण समोरच बसली होती.

"अगं, नवीन टेबल आहे ते! तुमच्या घरच्यासारखं नाही!" वहिनी ओरडल्या.

नणंदेनं पेला उचलला, ओढणीनं टेबल पुसलं आणि चपला घातल्या. त्यानंतर दोन महिने ती आली नाही. फोन केला की म्हणे, "वेळच मिळत नाही गं वहिनी."

नुसत्या सरसावर जोडलेला पाय व्हायचा तोच झाला, पुन्हा लटपटू लागला. सुतारकाका घरी आले. त्यांनी आवरणाचं टोक उचललं.

"बाई, आजारी आहे की काय हे? पांघरूण घातलंय!"

"सगळ्यांना नवीन म्हणून सांगितलंय, काका."

"आणि जेवता कुठे?"

"कोचावर."

काका हसले नाहीत. "जुनं ते सोनं म्हणता आणि टेबल जुनं म्हणायला जीभ अडखळते? चोरीचं आहे का? चार रविवार हाडं झिजवलीत, ती मेहनत कुठल्या शोरूमच्या नावावर घातलीत?"

"पण चार लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला विचारा, मी घरोघर जातो. प्रत्येकाकडे काहीतरी लटपटतंय. प्रत्येकाला वाटतं, आपलंच तेवढं मोडकं. म्हणून कुणी कुणाला घरी बोलवत नाही."

वहिनी खुर्चीवर बसल्या. नणंदेची गोष्ट त्यांनी सांगून टाकली. काकांनी सांधा चाचपून पाहिला.

"लाकडात पाचर मारली की सांधा धरतो, माणसांत मारली की सुटतो," ते म्हणाले. "तुम्ही नेमकं उलटं केलंत."

अरेरे! 'तुमच्या घरच्यासारखं नाही!' काय बोलून बसलो आपण! आणि कशासाठी? एका खोट्या 'हो'साठी!

"ठोका पाचर," वहिनी म्हणाल्या. "दिसू दे."

रविवारी पॉलिश पेपर आणि दोन पाचरी घेऊन त्या नणंदेच्या घरी गेल्या. तिच्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती.

"आमचंही जुन्या बाजारातलंच आहे," वहिनी दारातच म्हणाल्या. "मी खोटं बोलले. त्यासाठी पोरीला दुखावलं. चुकलं माझं."

नणंद लगेच विरघळली नाही. "ती तुझ्या घरी यायला घाबरते, वहिनी," एवढंच म्हणाली. वहिनींना रडू आलं. मग दोघी जमिनीवर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत टेबल घासत राहिल्या. निघताना नणंद म्हणाली, "गुरुवारी येते."

गुरुवारी पोरगी पेला दोन्ही हातांत धरून उभीच राहिली. वहिनींनी तिचा हात धरून पेला उघड्या लाकडावर ठेवला. तो उचलला तेव्हा खाली फिकट वर्तुळ उमटलं होतं. नेमकी तेव्हाच शेजारीण आली.

"अगंबाई! नव्या टेबलावर डाग!"

"जुनं आहे हो," वहिनी म्हणाल्या. "ती पाचर बघा ना."

शेजारीण वाकून पाहू लागली. मग आवाज उतरवून म्हणाली, "त्या काकांचा पत्ता द्याल? आमचा पलंग फार करकरतो. कुणाला सांगायची लाज वाटत होती."

वाचकहो, जुनी वस्तू घेणं, ती हातानं नीट करून वापरणं, यात कमीपणा कसला? कमीपणा असतो तो लपवण्यात. आपण आपलं जुनेपण झाकतो, तेव्हा शेजारच्यालाही त्याचं झाकायला लावतो, आणि दारं बंद होत जातात. म्हणून आपली पाचर दिसू द्या. तिच्यावरच सांधा टिकतो.