शेवटची रॅली माहेरच्या रस्त्यावर

लग्नाच्या वेळी आम्हाला सांगितलं होतं, मुलगा फुलांच्या धंद्यात आहे. मखमलाबादला झेंडू-शेवंतीचा मळा, फुलबाजारात गाळा, सगळं व्यवस्थित. मुलगा गाड्यांच्या शर्यतीत जीव टांगणीला लावून फिरतो, हे काही कुणी बोललं नव्हतं. अंगावरची हळद उतरायच्या आत मला ते कळलं. सोमनाथ. नवऱ्याचं नाव असं घेतलं की आई अजून डोळे वटारते, पण गोष्ट सांगताना 'हे' आणि 'ह्यांनी' किती वेळा करायचं? सोमनाथच म्हणते.

दोन हजार दोन साल. जानेवारीत आम्ही दिल्लीला गेलो, गाड्यांचं प्रदर्शन बघायला. लोक बायकोला महाबळेश्वरला नेतात, माझ्या नशिबी प्रगती मैदान! फिरत्या ओट्यांवर चकचकीत गाड्या, त्यांच्या शेजारी कडाक्याच्या थंडीत उघड्या हातांनी उभ्या असलेल्या पोरी. त्यांच्याकडे बघूनच मला हुडहुडी भरली. आणि सोमनाथ? तो एका गाडीखाली डोकं घालून बसलेला. पहारेकरी ओरडला तरी उठेना.

"अहो, उठा की आता! लोक बघतायत."

"भाग्यश्री, गाडी खालून बघायची असते. वरचा रंग काय, कुणीही बघतं."

तिथंच पुण्याच्या एका टीमचे मालक भेटले. त्यांनी सोमनाथला कोइमतूरच्या रॅलीत पाहिलं होतं. "यंदा तुमच्या लहान गाड्यांच्या वर्गात पहिले या," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी आमची गाडी चालवा. पगारावर." परतीच्या प्रवासात सोमनाथनं मला डबासुद्धा उघडू दिला नाही, इतका बोलत होता.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा या नादाला पहिल्यापासून विरोध, पण पगार म्हटल्यावर जरा थांबले. "ठीक आहे. हे एक वर्ष देतो. पहिला आलास तर खुशाल जा. नाही आलास तर गाडी विकायची, गाळ्यावर बसायचं आणि पुन्हा तोंडातून शब्द काढायचा नाही." सोमनाथनं देवघरासमोर उभं राहून कबूल केलं.

मग ते वर्ष आम्ही कसं काढलं ते आमचं आम्हाला माहीत. चेन्नईच्या उन्हात, कोइमतूरच्या चहामळ्यांत, चिकमगळूरच्या चिखलात. मी बरोबर स्टोव्ह घेऊन जायची आणि मेकॅनिक लोकांना पिठलं-भात करून घालायची. सोमनाथची गाडी म्हणजे जुनी लाल एस्टीम. शेजारी यादव. यादवचं काम वाचायचं. शर्यतीआधी ड्रायव्हर लोकांना रस्ता एकदा हळू जाऊन बघू देतात. तेव्हा प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा लिहून घ्यायचा. शर्यतीत यादव ते मोठ्यानं वाचतो आणि सोमनाथ त्याच्या आवाजावर गाडी मारतो. धुळीत पुढचं दिसतंच कुठे? पाहून ठेवलेला रस्ता तसाच आहे, या भरवशावर सगळं चालतं.

दिवाळीपर्यंत सगळ्या फेऱ्यांचे गुण धरून सोमनाथ त्याच्या वर्गात पहिला होता. पहिला! मला स्वतःलाच खरं वाटेना. डिसेंबरात एकच फेरी उरली होती, आपल्या नाशिकची. आणि ती जिंकायचीही गरज नव्हती. फक्त गाडी शेवटपर्यंत न्यायची, बस्स.

त्या फेरीतला एक टप्पा निघाला नेमका माझ्या माहेरावरून. निफाडच्या अलीकडे, काळ्या मातीतला कच्चा रस्ता, दोन्हीकडे द्राक्षबागा. गावात ही बातमी पोचली तेव्हा काय विचारता! माझी आई, कुसाबाई, घरोघर सांगत सुटली, "माझ्या जावयाची मोटार आपल्या बांधावरनं जानार हाय." भाऊ सहादूनं पाहुणे बोलावले. मी दोन दिवस आधीच माहेरी जाऊन बसले.

सकाळी रस्ता बंद झाला. पट्ट्या बांधल्या, शिट्ट्या घेतलेले मार्शल जागोजागी उभे राहिले. आमच्या बागेच्या कोपऱ्यावर एक उजवं वळण आहे. मी वळणाच्या पलीकडच्या उंचवट्यावर जाऊन उभी राहिले, तिथून लांबपर्यंत दिसतं म्हणून. आई, सहादू आणि पाहुणे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, आपल्याच बागेत.

आधी मोठ्या गाड्या गेल्या. काय तो आवाज आणि काय ती धूळ! द्राक्षाचे घड पांढरे पडले. मग थोडा वेळ रस्ता रिकामा. आता लहान गाड्यांचा वर्ग, त्यात सगळ्यात पुढे सोमनाथ. मी पदर तोंडाला लावून तिकडेच बघत होते.

तेवढ्यात पलीकडे सहादूनं फवारणीच्या ट्रॅक्टरचा पाइप हातात घेतला. मला आधी वाटलं, घड धुतोय. पण पाइपाचं तोंड कुंपणावरून रस्त्यावर आलं. पाणी पडायला लागलं. आई शेजारी उभी राहून हातानं दाखवत होती, इकडे मार, अजून इकडे मार. आमच्याकडे जावई यायचा असला की अंगणात सडा पडतोच. आई वळणावर सडा घालून घेत होती.

काळी माती ओली झाली की काय होतं, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पायातली चप्पल धरत नाही. पण त्यांच्या डोळ्यांपुढे गाडी नव्हतीच, जावई होता.

"सहादू! अरे पाणी बंद कर! बंद कर रे!"

सहादूनं माझ्याकडे बघितलं, हसला आणि मोकळा हात वर करून हलवला. आईनंही हलवला. मी पट्टीखालून वाकले, तर मार्शलनं माझा दंड पकडला.

"ताई, मरायचंय का? गाडी सुटलीये."

"अहो दादा, रस्ता ओला केलाय त्यांनी! वायरलेसवर सांगा, थांबवा!"

त्यानं वळून पाहिलं. तोवर झाडांमागून तो आवाज आला. वर्षभर ऐकलेला, झोपेतही ओळखीन असा. त्यानं वायरलेस तोंडाशी नेला, पण बोलून उपयोग काय? मधे थांबवणारं कुणी नव्हतंच. त्यानं पिवळा झेंडा उचलला, तो पुरता उघडायच्या आत लाल गाडी दिसली. आत यादव वाचत असणार, परवा कोरड्या रस्त्यावर लिहिलेलं. त्यात पाणी कुठून असेल? सोमनाथनं नेहमीच्या वेगात गाडी वळणात टाकली. मी ओरडले, पण माझा आवाज माझ्याच कानात आला नाही.

गाडी वळलीच नाही. चाकं वळलेली मला दिसली, गाडी सरळच चालली होती. मग ती आडवी झाली, बांधावरून उडाली आणि द्राक्षांच्या मांडवात घुसली. अँगल वाकले, तारा तुटल्या, घडांचा पाऊस पडला. पाहुणे थोडक्यात वाचले.

मी रस्ता ओलांडून धावले, कुणी अडवलं नाही. यादव आपणहून बाहेर आला, कपाळ पुसत. सोमनाथला ओढून काढावं लागलं. त्याच्या गळ्याचं हाड मोडलं होतं. गाडीचं पुढचं चाक मुडपून आत गेलं होतं. त्या चाकाकडे त्यानं एकदाच बघितलं आणि खाली बसला. चाकाला लागलेल्या ओल्या चिखलाला तो हात लावून बघत होता, मग त्यानं सहादूच्या हातातल्या पाइपाकडे पाहिलं. कळलं त्याला. सगळं कळलं.

निफाडच्या डॉक्टरनं हात गळ्यात बांधून दिला. संध्याकाळी आम्ही माहेरच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा सासरे आले. मुलगा धड आहे हे आधी नीट पाहून घेतलं, मग म्हणाले, "सासुरवाडीच्या रस्त्यावरसुद्धा गाडी सांभाळता आली नाही तुला. आता झालं ते पुरे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडलं. सोमनाथनं धड असलेला हात माझ्या मनगटावर ठेवला आणि दाबला.

"माझंच चुकलं, आप्पा. वेग जास्त झाला. गाडीला गिऱ्हाईक बघा."

आई भाकरतुकडा घेऊन बाहेर आली. त्याच्यावरून ओवाळला. "जावईबापू, जरा दमानं घ्यायचं व्हतं ओ. पोरानं एवढा चांगला रस्ता करून ठेवला व्हता, धूळ म्हनून उडू दिली नाय."

"हो मामी," सोमनाथ म्हणाला. "रस्ता चांगलाच होता."

मी त्या बाईवर कशी ओरडू? सांगितलं तर ती उरलेला जन्म चूल पेटवणार नाही. नाही सांगितलं तर माझा नवरा जन्मभर गाळ्यावर बसून सगळ्यांच्या तोंडी हाच राहणार, ज्याला सरळ गाडी चालवता आली नाही. राग तर इतका आला होता की हात शिवशिवत होते, आणि तो ठेवायला जागा नव्हती. मग मला रडूच फुटलं, लहान पोरीसारखं.

आईनं तुकडा टाकला, माझ्याजवळ बसली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं.

"उगी बाई, उगी. आपल्या हातात व्हतं तेवढं आपन केलं."