माझे पाय कापून बोर्ड लावला

“पाय कुटं गेले ह्याचे? रितेश, मी तुला इचारतंय. आमच्या पाटाचे पाय कुटं गेले?”

“काकी, हळू बोल ना. पाहुणे आहेत.”

“पावने गेले चुलीत. पाय कुटं हायत ते सांग.”

मित्रांनो, शालनकाकी नि रितेशचं हे भांडण चाललंय ते माझ्यावरून. मी एक जुना पाट आहे, फणसाच्या लाकडाचा. आत्ता मी एका आंब्याच्या फांदीला सुतळीनं टांगलेला आहे नि माझ्या पोटावर लाल टिकली चिकटवलीय. लाल टिकली म्हणजे हा माल विकला गेला. कुणाला? त्या गॉगलवाल्या पुण्याच्या मॅडमना. त्या मला हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला लावणार आहेत. मला कुणी विचारलं? कुणी नाही.

हा रितेश म्हणजे भिकाजीचा पोरगा. भिकाजीची गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती करतात ती शेड. पोरगा मुंबईला चित्रकला शिकून आला नि आता बापाच्या मातीला हात लावायला लाजतो. आज त्यानं आवारात ‘गार्डन आर्ट सेल’ लावलाय. गार्डन कसलं, चार माड, एक आंबा नि मागे गोठा. म्हैस दिसू नये म्हणून गोठ्यावर पांढरी चादर टाकलीय. माडांना दिव्यांच्या माळा गुंडाळून भर दुपारी पेटवल्यात. गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या गाड्या थांबतात, लोक उतरतात नि म्हणतात, “वॉव, किती शांत.” मग म्हैस ओरडते.

आता माझं सांगतो. शालनकाकीच्या सासऱ्यानं, दादूनं, घरामागचा फणस पडला तेव्हा मला बनवून घेतलं. माझ्यावर कधी कुणी जेवायला बसलं नाही. मी फक्त गणपतीचा. आमच्याकडे मूर्ती विकत आणून पाटावर ठेवत नाहीत, आपला पाटच शाळेत नेऊन द्यायचा. नागपंचमीला आम्ही सगळ्या वाडीचे पाट तिथं ओळीनं बसायचो, पाठीवर खडूनं घराचं नाव. मूर्ती आमच्यावरच घडायची. माती टपटप अंगावर पडायची, महिनाभर हलायचं नाही. मला एका जागी बसवत नाही, पण ते बसणं मी ऐटीत बसायचो.

मग शालनकाकीचा नवरा रामा मुंबईहून यायचा नि मला मूर्तीसकट डोक्यावर घ्यायचा. चढणीला त्याची मान थरथरायची, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. विसर्जन झालं की नदीतली मूठभर वाळू माझ्यावर ठेवून घरी आणायचा, नि माझी आरती व्हायची. नुसत्या पाटाची आरती. त्या गॉगलवालीला सांगा हे, तिला खरं वाटणार नाही.

गेल्या साली मला शाळेत ठेवलं नि त्याच आठवड्यात रामा मुंबईत कामावरच वारला. त्या वर्षी घरात गणपती आणला नाही. काकी भिकाजीला म्हणाली, “पाट ऱ्हाऊ दे हितंच. पुढल्या साली ह्याच्यावरच बसव.” भिकाजीनं मला माळ्यावर ठेवलं. रामाच्या मागे घरात पहिला गणपती येणार तो माझ्यावर, एवढंच तिला पाहिजे होतं. आज ती सहज बघायला आली, माझा पाय जरा हलत होता तो सुताराकडे देऊया म्हणून.

हलायला पाय तर पाहिजेत. पाटाला खाली दोन आडव्या पट्ट्या असतात, तेच आमचे पाय. भिंतीला सपाट बसत नाही म्हणून ह्या येड्यानं ते करवतीनं कापले. नि वर चित्र काढलं. काय चित्र. सूर्य म्हणजे फुटलेलं अंडं, लाटा म्हणजे सांडलेल्या शेवया, नि मधे गणपती. गणपती बसायची जागा तोडली नि त्याच जागेवर गणपती काढला. ह्याला म्हणे कला.

“मला वाटलं टाकून दिलेला आहे,” रितेश म्हणाला.

“टाकून द्यायला माळ्यावर कशाला चढवतील? उकिरडा काय लांब हाय?”

“बरं, मी तुला नवीन पाट देतो. ह्याच्यापेक्षा भारी. प्लायवूडचा.”

“प्लायवूड रामानं न्हाय आणला डोक्यावरनं.”

“काकी, पण आता हा नेऊन करणार काय? वर बाप्पा आहे. बाप्पाच्या तोंडावर बाप्पा बसवणार?”

शालनकाकीनं मला सोडवायला पुढे केलेला हात मागे घेतला. खरवडायचा तर देवाला ओरबाडायचं, नाही खरवडायचा तर त्याच्यावर मूर्ती कशी ठेवायची? माझं डोकं असं फिरलं, सुतळी तुटली असती तर बरोबर रितेशच्या टाळक्यावर पडलो असतो.

तेवढ्यात मॅडमनी गॉगल वर केला. “एक मिनिट. हे कुणाच्या पूजेतलं आहे का? मग नको बाई. वर देव आणि खाली पाय कापलेले. घरात काही झालं तर?” नि त्यांनी माझी लाल टिकली नखानं काढली.

रितेशची हवाच गेली. “नाही हो मॅडम, देव कुठला. डोळे कुठे काढलेत मी? बघा ना. आमच्या शाळेत डोळे आखल्याशिवाय देव म्हणतच नाहीत. तोपर्यंत मातीच ती. तुम्ही बिनधास्त न्या.”

शालनकाकीनं मान वर केली. “काय म्हनालास? देव न्हाय हा?”

“नाही म्हणजे...”

“मोठ्यानं बोल. ओटीवर तुझा बापूस बसलाय, त्याला आयकू जाऊ दे.”

“नाही,” रितेश म्हणाला.

भिकाजी सकाळपासून पोराच्या कौतुकात ओटीवर बसून होता. माळ्यावर मी नाही हे त्याला माहीत नव्हतं काय? आता उठला, शेडमधनं पॉलिश पेपर आणला नि पोराच्या हातात दिला. “घास.”

नि मला फांदीवरून उतरवून आर्टिस्ट उकिडवे बसले. सगळ्या पाहुण्यांसमोर, माडाच्या दिव्यांखाली. एकजण मोबाइल काढून म्हणाला, “हा पण डेमो आहे का?” सूर्य गेला, शेवया गेल्या, बिनडोळ्यांचा गणपती गेला. मला गुदगुल्या झाल्या, पण मी हसलो नाही. असल्यांसमोर हसायचं नसतं.

माझे पाय? फाटकात सापडले. ‘आर्ट सेल’ लिहिलेला बोर्ड त्यांच्यावरच ठोकून जमिनीत रोवलेला. काकीनं दोन हातांनी उपटले, बोर्ड चिखलात गेला.

मित्रांनो, माळ्यावर ठेवलेली वस्तू टाकलेली नसते. कुणीतरी परत येणार म्हणून ठेवलेली असते. हात लावायच्या आधी विचारा. तोंड काय नुसतं सरबत प्यायला दिलंय?

अजून बरंच बोललो असतो. पण काकीनं मला डोक्यावर घेतलंय, रामा घ्यायचा तसंच, कुणाला हात लावू देत नाही. लवू सुतार दुकान बंद करेल, त्याआधी पाय जोडून घ्यायचेत. मी निघतो.