अनोळखी माणसाची अट

सात वर्षं झाली, तरी खुंटी आपली शून्यावरच. शून्य पॉइंट एक, शून्य पॉइंट दोन, असं करत करत शून्य पॉइंट एक्केचाळीस. लोकांची पोरं एवढ्या काळात चालायला लागली, शाळेत गेली, पाढे म्हणायला लागली. खुंटीला मात्र एक काही गाठता येईना.

खुंटी म्हणजे काय ते आधी सांगून टाकलेलं बरं. वेबसाईट बनवायची म्हटली की दरवेळी तीच हमाली. कुठलं पान कुठे उघडणार, फॉर्म भरला की माहिती जाणार कुठे, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं. ही हमाली एकदाच नीट करून ठेवलेलं तयार सामान म्हणजे खुंटी. ती भिंतीत घट्ट ठोकलेली, तुम्ही फक्त आपला सदरा आणून अडकवा. फुकट, आणि सगळं उघड्यावर. कोणीही यावं, आतला कोड वाचावा, चूक सापडली तर दुरुस्त करून पाठवावी. सुरुवात एका मुलीने एकटीने केली, आपल्या खोलीतल्या डुगडुगत्या टेबलावर. आता जगभरातले ऐंशी-नव्वद जण खुंटीसाठी राबत होते आणि तिला खुंटीबाई म्हणत होते. तिला ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

मग एक का नाही? कारण आवृत्तीला शून्याने सुरू होणारा आकडा म्हणजे 'काम चालू आहे, जपून पाऊल टाका' असा बोर्ड. एक पॉइंट शून्य म्हणजे शब्द देणं. तुम्ही आमच्या भरवशावर जे उभं कराल, ते आम्ही उद्या मोडणार नाही, असा. आणि शब्द द्यायची वेळ आली की खुंटीबाई घाबरायच्या. दोनदा तारीख ठरली आणि दोनदा तिने ऐन वेळी माघार घेतली. दुसऱ्या वेळी मास्तर भडकले. मास्तर म्हणजे तिचा उजवा हात. शाळेत गणित शिकवणारा माणूस, सहा वर्षं रोज बोलणं, पण प्रत्यक्ष भेट एकदाही नाही.

"अहो खुंटीबाई, तिसऱ्यांदा तारीख हलवलीत तर लोक दुसरीकडे जातील," ते म्हणाले होते. "आणि त्या लोकांत मीही असेन. स्पष्ट सांगतो."

ती तिसरी तारीख आज होती. दुपारी चार वाजता. घोषणा लिहून तयार, सगळ्या तपासण्यांपुढे हिरव्या खुणा. एकच अट उरली होती, आणि तीही तिनेच पूर्वी मोठ्या तोऱ्यात लिहून ठेवलेली. पहिली पक्की आवृत्ती काढण्याआधी, ज्याने खुंटी कधी हाताळलेली नाही अशा माणसाने नुसती आपली पुस्तिका वाचून एक पान बनवून दाखवायचं. तो बसलेला असेपर्यंत कोणी अवाक्षर बोलायचं नाही.

मास्तरांनी त्यासाठी शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना पटवलं होतं. सकाळी त्यांचा निरोप आला, ताप आलाय. ओळखीतला जो तो तर खुंटी वापरून बसलेला. अनोळखी माणूस आणायचा कुठून?

"मी आहे की," शेजारच्या खोलीतून बाबा म्हणाले.

बाबांनी तेहतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली. गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण शिकवायची गाडी काही विकली नाही. शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असलेली ती गाडी अजून खाली उभी होती आणि बाबा रोज तिच्या काचा पुसत. शिकवताना सुचलेले अठरा धडे त्यांनी एका वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले होते. ते वेबसाईटवर टाकायचे होते. लेक दोन वर्षं म्हणत होती, "एक पॉइंट शून्य येऊ द्या बाबा, मग करू."

"अख्ख्या जगाला शिकवलंय मी," खुर्चीत बसताना बाबा ऐटीत म्हणाले. "आता मी शिकतो."

"अख्ख्या जगाला हो," आई दारात उभी राहून म्हणाली. "वरच्या मजल्यावरचे शिकले, खालचे शिकले, दूधवाला शिकला. आमचा नंबर आपला पुढच्या महिन्यात." आणि ती मटार सोलायला परत गेली. हे वाक्य घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं की कोणी मान वर करून बघितलंही नाही.

बारा चाळीसला परीक्षा सुरू झाली. मास्तर दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, तोंडावर बोट ठेवून. लेक बाबांच्या मागे उभी. बाबांनी चष्मा पुसला, पुस्तिकेतली पहिली ओळ दोनदा वाचली आणि एका बोटाने जशीच्या तशी टाइप केली. चाललं! दुसरी पायरी, तिसरी पायरी, दोन्ही बिनबोभाट. मास्तरांनी दोन्ही अंगठे वर केले. तिचा जीव असा हलका झाला की खिडकी उघडून ओरडावंसं वाटलं. आणि चौथ्या पायरीवर घोडं अडलं.

पुस्तिकेत लिहिलं होतं, 'आता दारं नावाची फाईल उघडा आणि त्यात आपल्या पानाचं नाव लिहा.'

बाबांनी शोधलं. वर गेले, खाली गेले. चष्मा काढला, घातला. 'दारं' नावाची फाईल कुठेच नव्हती.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," बाबा पुटपुटले आणि पहिल्यापासून वाचायला लागले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तिला क्षणात कळलं आणि कानशिलं तापली. तीन महिन्यांपूर्वी, एकच्या तयारीत, तिने स्वतःच साफसफाई केली होती. ती फाईल आपोआप बनवणारा तुकडा त्या केरात गेला होता. आणि ऐंशी-नव्वद जणांपैकी एकालाही पत्ता लागला नाही, कारण प्रत्येकाच्या मशीनवर जुन्या आवृत्तीने बनवलेली फाईल आधीच पडून होती. तपासणीच्या मशीनवरसुद्धा. शहाण्यासुरत्या माणसांचा कारखाना, आणि दिव्याखाली हा असा अंधार!

पडद्यावर मास्तरांचा निरोप उमटला. 'नवीन फाईल बनवा एवढंच सांगून टाका. पुस्तिकेत रात्री एक ओळ वाढवू. मी आवाज बंद करतोय, मी काही ऐकलेलं नाही.'

तीन शब्द. बाबा पुढे गेले असते, पान बनलं असतं, चार वाजता एक लागला असता. सात वर्षं! तिचे ओठ उघडलेसुद्धा.

पण डोळ्यांपुढे भलताच दिवस आला. ती एकोणीस वर्षांची, गाडीच्या परीक्षेला बसलेली, आणि गाडी हलायला तयार नाही. हँडब्रेक ओढलेला राहिला होता. बाबा समोर फुटपाथवर उभे होते. त्यांना दिसत होतं. नुसता हाताने इशारा केला असता तरी भागलं असतं. बाबांनी दोन्ही हात मागे बांधले आणि आभाळाकडे बघत राहिले. ती नापास झाली, दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले होते, "मी बोललो असतो तर तू पास झाली असतीस. मग एखाद्या चढावर कोण बोललं असतं?"

तिने हात मागे बांधले. बाबा तिसऱ्यांदा पहिल्या ओळीपाशी पोचले तेव्हा तिला ते बघवेना.

"थांबा बाबा. उठा. नापास."

बाबांचा चेहरा पडला. "मी नापास?"

"तुम्ही नाही हो. मी."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "तिसरी तारीखही गेली म्हणायची!"

"गेली कशी?" ती जवळजवळ ओरडलीच. "आत्ता एक वाजतोय. तीन तास आहेत. बोलवा सगळ्यांना!"

आणि मग जी काय धमाल उडाली! मास्तरांनी हाक दिली आणि जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून माणसं जमा झाली. एकाने कोरं मशीन उभं केलं, ज्यावर खुंटीचं कधी बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. एक नर्स ड्युटीवर जायच्या आधी पुस्तिकेचं पानन् पान तपासून गेली. हरवलेला तुकडा अकरा ओळींचा निघाला. तिने तो परत बसवला, मास्तरांनी त्यात एक चूक काढली, तिने मास्तरांच्या दुरुस्तीत दोन काढल्या. आई मध्येच चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला. सात वर्षांत तिला इतकी मजा कधी आली नव्हती. जी चूक तिला घाबरवत होती ती अखेर सापडली होती, आणि सापडलेल्या चुकीला कोण भीक घालतो!

तीन वाजून पाच मिनिटांनी कोऱ्या मशीनवर सगळ्या खुणा हिरव्या झाल्या.

"चला!" बाबा बाह्या सरसावून खुर्चीत बसले. "आता बघा माझा वेग."

"एक मिनिट," मास्तर चाचरत म्हणाले. "बाबांना आता तीन पायऱ्या पाठ झाल्यात. चौथीवर काय अडतं तेही माहीत झालंय. ते अनोळखी कुठे राहिले?"

बरोबर होतं. ज्याला येतं त्याची परीक्षा घेऊन उपयोग काय? पाऊण तासात नवा माणूस आणायचा कुठून? तेवढ्यात गार चहाचे कप न्यायला आई आत आली. बाप-लेक तिच्याकडे बघायला लागले. पडद्यावरून मास्तरही.

"माझ्याकडे काय बघताय?" आई म्हणाली.

"आई, तू मावशीला एवढाली पत्रं टाइप करतेस ना?"

"ते निराळं. मी नाही बाई तुमच्या भानगडीत." पण कप तिने खाली ठेवले. मग पदराला हात पुसले. "तेहतीस वर्षांत या घरात मला कोणी काही शिक म्हणालं नाही. आज सगळ्यांचं एकदम अडलं होय? सरका."

आईने पुस्तिका मोठ्याने वाचायला सुरुवात केली, अक्षर न् अक्षर, स्वल्पविरामासकट. पहिल्याच ओळीत तिचं एक अक्षर चुकलं. बाबांच्या घशातून आवाज आला. लेकीने डोळे वटारले तसा त्यांनी तो गिळला, पण उजवा पाय काही ऐकेना. आई चुकायला लागली की तो पाय फरशीवर दाबला जायचा, तिथे नसलेल्या ब्रेकवर. शेवटी बाबांनी स्वतःच हात मागे बांधले आणि छताकडे बघायला लागले.

आईने चूक आपली आपण शोधली. दुसरी पायरी. तिसरी. चौथी.

"दारं नावाची फाईल उघडा," आईने वाचलं. "ही काय इथे. उघडली. त्यात एवढं लिहिण्यासारखं काय आहे?"

मास्तरांनी तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते. लेकीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि ती पुसतही नव्हती.

शेवटची पायरी. 'आता पानावर तुमच्या मनातलं एक वाक्य लिहा.' आई थांबली. इतका वेळ घडाघडा वाचणारी बाई, आता ओठ मिटून टाइप करायला लागली. दोन ओळी खोडल्या, परत लिहिल्या. मग ऐटीत एंटर दाबला. स्वच्छ पांढरं पान उघडलं आणि त्यावर ठळक अक्षरं आली.

'मला गाडी शिकायची आहे. तेहतीस वर्षं झाली. पहिला धडा कधी?'

बोलायची कोणाला परवानगीच नव्हती. आई उठेपर्यंत परीक्षा चालू, आणि आई हाताची घडी घालून, पाठमोरी, तशीच बसून राहिली. बाबा ते वाक्य वाचत होते. वरच्या मजल्यावरचे, खालचे, दूधवाला. आपल्या शेजारच्या सीटवर कोण कोण बसून गेलं ते त्यांना एकेक करून आठवत असावं, कारण चेहरा कसनुसा होत चालला होता.

"झालं माझं," आई शेवटी म्हणाली आणि उठली.

"आत्ता," बाबा म्हणाले. "पहिला धडा आत्ता."

"म्हणे आत्ता! पुढच्या महिन्यात नको का?"

"झाला तो पुढचा महिना. चुकलंच माझं. चल."

चारला दोन मिनिटं कमी होती. "खुंटीबाई," मास्तर नाक ओढत म्हणाले, "आता दाबताय की मी येऊ तिकडे?"

तिने बटण दाबलं. शून्य गेलं, एक आला. एक पॉइंट शून्य! पडद्यावर निरोपांचा धबधबा लागला. कोणी नाचतंय, कोणी नुसतंच किंचाळतंय, नर्सने दवाखान्यातून टाळ्या पाठवल्या. एका अनोळखी माणसाने लिहिलं, 'याचीच वाट बघत होतो. आमच्या वाचनालयाची वेबसाईट आजच सुरू करतोय.' शब्द दिला गेला होता आणि या वेळी तिला माघार घ्यावीशी वाटली नव्हती.

"आई, बाबा, हे बघा!" ती वळली. खोलीत कोणी नव्हतं. गाडीची किल्लीही नव्हती आणि अठरा धड्यांची वहीही नव्हती.

ती खिडकीशी धावली. खाली गाडी उभी, स्टिअरिंगवर आई, काठी गिळल्यासारखी ताठ. शेजारी बाबा, मांडीवर वही उघडी. गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. परत सुरू झाली, परत गचका. आईचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आला, "तुम्ही बोलू नका हो, मला वाचू द्या!" मग गाडी पुढे सरकली. चार फूट. दहा फूट.

"हलली!" ती ओरडली. "मास्तर, हलली!"

"काय हलली? काही मोडलं का?" मास्तर घाबरले. "एक पॉइंट एकची तारीख ठरवायची का लगेच?"

"ठरवू हो," ती डोळे पुसत, हसत म्हणाली. "आधी आईला कोपऱ्यापर्यंत पोचू दे."