एक्केचाळिसाव्या मिनिटापासून पुढे

कॅसेट शेवटपर्यंत ऐकणाऱ्यांना दीका मनातल्या मनात हसायची. हर्गेसा या सोमाली शहरातल्या तिच्या संग्रहालयात चौदा हजार कॅसेटी पडून होत्या. एकेक पुरी ऐकत बसलं असतं तर तिच्या नातवंडांच्या हयातीतही काम उरकलं नसतं. तिची रीत ठरलेली होती: सुरुवातीची तीन मिनिटं ऐकायची, मधली तीन ऐकायची, की गायक, गाव, साल लिहून मोकळं. मग गाण्याला फोटो जोडायचा, फोटोतल्या माणसांची नावं दुसऱ्या गाण्यांशी जोडायची आणि दर गुरुवारी एक पान जगभरच्या आपल्या लोकांच्या फोनवर पाठवून द्यायचं. लढाईने देशोदेशी उधळलेले लोक त्या पानावर तुटून पडत. कौतुक खूप व्हायचं आणि दीकाला ते आवडायचंही.

या गुरुवारचं पान घरचंच होतं. अविलने आपला कॅसेटींचा खोका मोठ्या अभिमानाने संग्रहालयाला दिला होता. अविल म्हणजे तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ. अठ्ठ्याऐंशीच्या लढाईत गुलेद, म्हणजे दीकाचा बाप, मारला गेल्याची बातमी आली तेव्हा ती तीन महिन्यांची होती. वर्षभराने निर्वासितांच्या छावणीतच, रिवाजाप्रमाणे, अविलने भावजयीशी लग्न केलं. भावाच्या मुलीला त्याने कधी परकं मानलं नाही. ती त्याला ‘अदेर’, म्हणजे काका म्हणायची, पण बाप म्हटलं की तिला अविलच दिसायचा. त्याच्या खोक्यातली लग्नगाण्यांची एक टेप तिने पानावर लावली, शेजारी दोघा भावांचा जुना फोटो लावला आणि खाली दोघांची नावं घातली.

शुक्रवारी सुट्टी. शनिवारी सकाळी तिने संगणक उघडला तर एडनहून एका बाईचा बोललेला निरोप येऊन पडला होता. बाईने आपलं नाव नस्रा सांगितलं आणि मग अडखळत म्हणाली, “ताई, गाणी संपल्यावर, एक्केचाळीस मिनिटांनंतर, एक माणूस बोलतोय. तो माझ्या वडिलांचा आवाज आहे. ते जाऊन चार वर्षं झाली. फोटोतले गुलेदही तेच. हे तुमच्याकडे कसं आलं? आणि ही खद्रा कोण?”

खद्रा दीकाच्या आईचं नाव.

टेपचा तो भाग तिने ऐकलाच नव्हता. तिने एक्केचाळिसावं मिनिट लावलं. गाणं मध्येच तुटलं, खट् असा आवाज झाला, आणि एक पुरुष वाक्याच्या अर्ध्यातून बोलू लागला.

“...म्हणून तुला कळवता आलं नाही, खद्रा. इथे एडनच्या बंदरात हमाली मिळाली आहे. टेप अविलच्याच हाती द्यायला सांगितली आहे, तो तुला ऐकवेल. दीका आता चार वर्षांची झाली ना? माझ्यासारखी हट्टी असेल तर मारू नकोस तिला. रमजानपर्यंत मी उत्तराची वाट बघेन. नाही आलं तर समजेन, मी मेलो असं धरून तू घर मांडलंस. मग तुझं घर मोडायला मी येणार नाही. अस्सलामु अलैकुम.”

दीकाने तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. लढाईनंतर टपालबिपाल काही उरलं नव्हतं. लोक टेपवर बोलून पत्रं धाडायचे, आणि पत्र ऐकून झालं की त्याच टेपवर दुसरं काहीतरी भरायचे. शेकडो टेपांवर तिने हे पाहिलं होतं. इथे मात्र पत्र आईपर्यंत पोचायच्या आधीच त्याच्यावर गाणी चढली होती. सत्तावीस वर्षं तिचा बाप समुद्रापलीकडे, बोटीने एका रात्रीच्या अंतरावर होता. दर ईदेला त्याच्यासाठी दुवा मागितली जायची, आणि शेजारी बसून अविलही हात पसरायचा.

तिने टेप आपल्या फोनवर उतरवून घेतली आणि पान काढून टाकलं. पण तोवर दोन हजार सहाशे लोकांनी ते ऐकलं होतं आणि किती जणांनी पुढे धाडलं होतं त्याचा पत्ताच नव्हता. जगभर पोचवायची एवढी अक्कल होती, शेवटची चार मिनिटं ऐकायची नव्हती, असं स्वतःलाच बोलत ती घराकडे धावली.

अविल अंगणात चहा घेत बसला होता. तिने फोन त्याच्यापुढे धरला. भावाचा आवाज सुरू होताच त्याने कप खाली ठेवला. शेवटपर्यंत ऐकला. मग तो म्हणाला, “मी दोनच वाक्यं ऐकली होती. पुढे ऐकवेना. तुझी आई सात महिन्यांची पोटुशी होती, दीका. तो जिवंत म्हटल्यावर आमचं लग्न कसलं, आणि पोटातलं पोर कुणाचं? गाणी भरून टाकली. गुलेद तसा कमी बोलायचा. वाटलं, दहा मिनिटांत आटोपलं असेल.”

“मग टेप फेकून का नाही दिलीत, अदेर?”

“नव्वद मिनिटांची चांगली टेप होती,” तो म्हणाला. “तेव्हा मिळायच्या नाहीत.”

याच माणसाने तिला शाळेत घातलं होतं, तापात पाठीवर टाकून दवाखाना गाठला होता. त्याचा तिरस्कार कुठून सुरू करायचा तेच तिला कळेना.

खद्रा अंगणाच्या दारात उभी राहून अविलचं बोलणं ऐकत होती. शेजारणीने तिला बाहेर गाठून कानावर घातलं होतं की तुझ्या गुलेदचा आवाज फोनवर फिरतोय. ती आली, चटईवर अविलच्या समोर बसली.

“किती जणांनी ऐकलं?” तिने दीकाला विचारलं.

“दोन हजार सहाशे, होयो,” दीका म्हणाली. आईला ती ‘होयो’च म्हणायची.

“पत्र माझं, आणि नंबर शेवटचा माझा.”

दीकाने घाईघाईने एक्केचाळिसावं मिनिट शोधायला घेतलं. आईने तिचा हात धरला.

“तिथून नको. पहिल्यापासून लाव. त्याच्या बोलण्यावर यानं काय काय घातलं, ते मला ऐकू दे.”

गाणी सुरू झाली. ऊदाच्या तारा वाजू लागल्या, बायका टाळ्या देत नवरीला चिडवू लागल्या. अविल उठायला गेला तर खद्रा शांतपणे म्हणाली, “बस.” तो बसला. एक गाणं संपलं, दुसरं लागलं. खद्राची मान खाली होती, जणू त्या टाळ्यांच्या खालून ती काहीतरी निवडून काढत होती. दीका मोजत राहिली: दहा मिनिटं, वीस, तीस. कपातल्या चहावर साय धरली. अविलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्याने पुसलं नाही.

एक्केचाळीस मिनिटांनी गाणं तुटलं. गुलेद बोलला, चार मिनिटं, आणि सलाम करून थांबला. टेपची नुसती खरखर उरली.

“व अलैकुम अस्सलाम,” खद्रा म्हणाली.